आमचे इवाई आणि त्यांची चुन्याची रेघ

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी उभ्या विमानाला आमच्या इवायांएवढं जपणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी कागदावर लिहून देतो. उडणाऱ्या विमानाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "वर गेलं का ते पायलटचं लेकरू. खाली उभं हाये तवरक माहं," असं ते म्हणायचे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचे वडील. जन्मात कधी ते विमानात बसले नाहीत. एका पायलटनं एकदा खुशीत येऊन "चला, एक चक्कर मारून आणतो" म्हटलं, तर म्हणाले, "मी वर गेलो आन् खाली कोनी गाडी घुसवली तं?"

मी चौथी शिकलेला माणूस. अहेरीच्या जंगलातून सागवानाचे ट्रक ओढण्यात माझी उमर गेली, आणि ट्रक ओढणाऱ्याला लिहिण्याचं काम पडत नाही. तरी लिहायला बसलो, कारण या माणसाला आमच्याकडे 'लेकीची गाडी अडवणारा बाप' असं नाव पडलं आहे. लग्नाच्या पंगतीत, सिंदेवाहीच्या बाजारात, मयतीच्या घरीसुद्धा लोक ते नाव घेतात आणि हसतात. ते नाव खोटं आहे. खरं काय झालं ते दोनच माणसांना माहीत होतं, एक ते आणि एक मी. ते सांगणार नव्हते. म्हणून मी सांगतो. पण आधी माणूस कसा आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर गोष्ट कळणार नाही.

आमच्या भागात जंगलाच्या कडेला एक लहानशी हवाईपट्टी आहे. तिथे रोज विमान येत नाही. कधी आठवड्यात दोन येतात, कधी महिना कोरडा जातो. इवाई तिथे आधी गवत कापायला लागले होते. पुढे कुठल्याशा मोठ्या विमानतळावरून एक साहेब आले आणि दोन दिवस त्यांनी सगळ्या माणसांना शिकवलं, की उभ्या विमानाला सगळ्यात मोठा धोका वादळाचा नसतो, आसपास फिरणाऱ्या गाड्यांचा असतो. तेलाचा टँकर, सामानाचा टेम्पो, साहेबांची जीप, यातली कोणतीही गाडी नुसती घासून गेली तरी विमान उडायचं राहतं, जागेवर बसतं. बाकीच्यांनी ते ऐकलं, चहा पिला आणि विसरले. इवायांनी ते असं धरलं की साहेब स्वतः विसरले असतील, पण इवाई नाही विसरले. त्या दिवसापासून विमान उतरून उभं राहिलं, की इवाई चुन्याची फक्की घेऊन निघायचे आणि त्याच्या भोवती मोठी गोल पांढरी रेघ ओढायचे. आपल्याकडे कबड्डीच्या मैदानाला ओढतात तशी, पण त्याहून सरळ. मग चाकांना पुढून-मागून लाकडाचे गुटके लावायचे. गुटके त्यांनी स्वतः येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचे तासले होते आणि त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. मग हातात लाल झेंडी घेऊन रेघेवर उभे. आता येऊ दे कोण येतो ते.

त्यांचे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण मी ते इच्छा नसताना हजार वेळा ऐकले. गाडी रेघेच्या बाहेर थांबली पाहिजे. तिथे ब्रेक मारून दाखवायचा. मग माणसाच्या चालीनं आत यायचं, आणि पुढे इवाई चालणार. गाडीचं नाक विमानाकडे ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं, म्हणजे सुटली तरी मोकळ्यात जाईल. पंखाखालून जायचं नाही, मग तुमची गाडी कितीही बुटकी असो. इंजिन चालू ठेवायचं, ड्रायव्हरनं जागा सोडायची नाही. मागे घ्यायची असेल तर मागे माणूस उभा पाहिजे आणि तो माणूस ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे. मी एकदा विचारलं, "इवाई, पत्र्याच्या पंखाले एवढं काय जपता? आमच्या ट्रकले दोन्हीकून झाडं घासून जात." ते असे बघत राहिले जसा मी देवळात चपला घालून गेलो. म्हणाले, "मानसाले खरचटलं तं हळद लावता येते जी. इमानाले खरचटलं ते इथी दिसत नाई. वर गेल्यावर दिसते."

एकदा बाहेरचे कोणी मोठे पाहुणे आले. त्यांना न्यायला विमान उभं होतं आणि त्यांची काळी गाडी थेट शिडीपाशी लावायची होती. इवाई झेंडी घेऊन आडवे. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"ए बाबा, बाजूला हो. आत कोण बसलंय माहीत आहे का?"

"त्याईले बसू द्या. तुमी ब्रेक मारून दाखवा."

"अरे, ही विलायती गाडी आहे!"

"विलायतच्या गाडीचा ब्रेक बी पायानंच लागते न? का तिकडं हातानं मारते?"

मागे बसलेले पाहुणे हसले असं इवाई सांगायचे, नाही हसले असं बाकीचे सांगतात. पण ब्रेक मारून दाखवावा लागला आणि पाहुणे शेवटचा तुकडा पायी चालले, एवढं खरं. त्या दिवशी वरच्या साहेबानं इवायांना बोलावून झापलं. इवाई ऐकत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, तुमी बोलून राह्यले ते बरोबर हाये. पन तुमची जीप उतारावर उभी हाये आन् चाकाले काई लावलं नाई."

हे सगळं हवाईपट्टीवर राहिलं असतं तर चाललं असतं. पण माणूस घरी येताना नियम फाटकावर ठेवून येत नाही. इवायांच्या घरी म्हैस गोठ्यातून मागे काढायची असली तरी मागे एक माणूस उभा करावा लागायचा. मोटारसायकलवर बसायच्या आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे, मग खाली वाकून बघायचे, मग बसायचे. तोवर मागे बसणारा तेरड्यासारखा कोमेजून जायचा. त्यांच्या खिशात कायम खिळे, तारेचे तुकडे, वायसर, फुटक्या बाटलीचं झाकण, कारण पट्टीवर असलं काही पडलं तर विमानाच्या तोंडात जातं असं साहेबांनी सांगितलं होतं. पण हे गृहस्थ बाजाराच्या रस्त्यावरूनसुद्धा तेच उचलायचे. आमची इहीन, म्हणजे त्यांची बायको, सदरा धुवायच्या आधी खिसे सुपात रिकामे करायची. "माह्या घरी भंगारवाल्याची गरज नाई," ती म्हणायची, "नवराच भंगारवाला पाठवला देवानं."

त्यांच्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं लग्न लागलं त्या दिवशीची गोष्ट तर आमच्या गावात अजून सांगतात. आम्ही वरात घेऊन गेलो. पुढे नवरदेवाची सजवलेली गाडी, मागे वाजंत्रीचा ट्रॅक्टर. मांडवात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून सगळे तयार, भंते येऊन बसलेले, आणि मांडवाच्या तीस पावलं आधी जमिनीवर पांढरी रेघ. तिच्यावर वधूपिता, नव्या धोतरात, हात वर करून उभे. मी गाडीतून उतरलो. "इवाई, जयभीम. काय झालं जी?" "जयभीम. काई झालं नाई. ब्रेक मारून दाखवा म्हना." माझ्या मुलानं डोक्याला हात लावला. ट्रॅक्टरवाल्यालाही मारून दाखवावा लागला, आणि त्याचा ब्रेक लागलाच नाही. ट्रॅक्टर गुरगुरत चार हात पुढे आला आणि वाजंत्रीवाले वाजवता वाजवता मागे पडले. इवायांनी नुसतं ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला जेवणापर्यंत खुपत होतं.

हिवाळ्यात वडशाकडे नाटकं लागतात. एका वर्षी आम्ही दोघं जोडीनं गेलो. मैदानात लोक मावेनात. नाटक कंपनीचा ट्रक रंगमंचामागे चढावर उभा होता, तोंड वर, पाठ प्रेक्षकांकडे. इवाई तिकीट काढून आत आले, ट्रक पाहिला आणि बसेचनात. "बसा न जी, घंटी झाली." "कसा बसू? तो ट्रक सुटला तं रंगमंच घेऊन आपल्या मांडीवर येईल." शेवटी ते पडद्यामागे गेले. थोड्या वेळानं मी जाऊन पाहतो तर राजाचं काम करणारा नट, मुकुट घातलेला, तोंडाला रंग, दोन्ही हातांत दगड धरून ट्रकच्या चाकाशी वाकलेला, आणि इवाई कमरेवर हात ठेवून सांगत आहेत, "आनखी आत. आनखी. हां, आता जा, राज्य करा."

आता त्या दिवसाची गोष्ट. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. माझी सून धानाच्या बांधीत चिखलात उभी असताना तिच्या पायाला घोणस चावली. जिल्ह्याच्या दवाखान्यात सुया दिल्या, चार दिवस गेले, पण पाय सुजत गेला आणि लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता नागपूर, आणि लवकर. पाऊस सहा दिवस थांबला नव्हता. नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि नागपूरचा रस्ता तुटला होता. पूर पाहायला अधिकाऱ्यांचं एक लहान विमान आलेलं होतं, ते हवाईपट्टीवर उभं होतं. दवाखान्यातून फोन झाले आणि विमानानं न्यायचं ठरलं. मी तेव्हा ट्रक सोडून एका संस्थेची रुग्णवाहिका चालवत होतो. दुसरा ड्रायव्हर होता, पण मी म्हटलं, माझी सून आहे, मीच नेतो. माझ्यासारखी गाडी चालवणारा त्या भागात कोणी नव्हता, अजूनही नाही.

आमच्यामागे गावातले लोक दोन जीपमध्ये आले होते. त्यांना फाटकावर थांबवलं, तारेच्या बाहेर. मी आत गेलो. पावसानं चुना धुऊन गेला होता, रेघ राहिली नव्हती. तिच्या जागी इवाई उभे होते. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात लाल झेंडी, खांद्यावर दोरीनं अडकवलेले गुटके. त्यांना सकाळीच कळलं होतं गाडीत कोण आहे ते. मी हॉर्न दिला. ते हलले नाहीत.

मी डोकं बाहेर काढलं. "इवाई, सरका! तुमचीच पोरगी हाये आत!"

"मायीत हाये. ब्रेक मारून दाखवा."

"तुमाले काई जीव हाये का नाई?"

"हाये म्हनूनच म्हनून राह्यलो. त्या इमानाले टेकलं का ते उडनार नाई. दुसरं इमान नाई, रस्ता नाई. मारा ब्रेक."

मी ब्रेक मारला. लागला. ते गाडीच्या पुढे, जरा बाजूनं चालू लागले आणि मला म्हणाले, "इंजिन चालू ठेवा. माह्या चालीनं या. नाक पूर्वेले ठेवा." तिथून विमानापर्यंत जमिनीला हलका उतार आहे.

आणि इथे मी चुकलो. मी जन्मात फार वेळा चुकलो नाही, पण हे चुकलो. आम्ही सागवानाचे ड्रायव्हर. उतार दिसला की इंजिन बंद करायचं आणि गाडी सोडायची, डिझेल वाचतं, हे आमच्या हातापायात बसलेलं असतं. जुन्या ट्रकला ते चालत होतं. त्यात मी भडकलेला. मनात आलं, हा मला गाडी शिकवतो? इंजिनाशिवाय फुलासारखी नेऊन लावतो, बघ म्हणावं. आणि मी चावी फिरवली. सवयीनं दोन-तीनदा ब्रेक दाबला, आमच्यात तसा दाबतात. चौथ्यांदा दाबला तर पायाखाली ब्रेक नव्हता, दगड होता. नव्या गाडीचं इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो, हे मला पुढे मेकॅनिकनं सांगितलं. स्टिअरिंगही जड झालं. नाक पूर्वेला वळेना. समोर विमानाचा पंख, माझ्या काचेच्या उंचीला, आणि गाडी हळूहळू, अगदी सावकाश, त्याच्याकडे निघाली. हळू जाणारी गाडी थांबवता येत नसली म्हणजे काय वाटतं, ते चाळीस वर्षं गाडी चालवून मला त्या दिवशी कळलं. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. हँडब्रेकची आठवणसुद्धा झाली नाही.

इवाई झटकन वळले. इंजिनाचा आवाज बंद झाला तेव्हाच त्यांना कळलं असावं. त्यांनी खांद्यावरचा गुटका काढला, गाडीच्या पुढच्या चाकापुढे आडवे झाले आणि तो टाकला. चाक धडकून थांबलं. मी पाहिलं, पंख आणि काच यांच्यामध्ये माझा हात मावेल एवढी जागा होती. लगेच त्यांनी दुसरा गुटका मागच्या चाकाला लावला. मग माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं आता हा माणूस बोलणार आणि मला ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "उतरू नका. हँडब्रेक वढा." एवढंच.

मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि मुलीकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. गाडी पुढे नेता येत नव्हती, म्हणून मागे बसलेल्या दवाखान्याच्या दोन माणसांनी स्ट्रेचर उतरवलं आणि पावसातच पंखाला वळसा घालून नेलं. सलाइनची बाटली इवायांनी धरली होती, हात पूर्ण वर करून. मुलीच्या तोंडावर पाणी पडू नये म्हणून खोळ तिच्या अंगावर टाकली होती आणि स्वतः भिजत होते. दार लागलं, विमान गेलं. ढगात दिसेनासं झालं तरी त्यांचा एक हात वरच होता. मी म्हटलं, "इवाई, बाटली गेली. हात खाली घ्या." तेव्हा घेतला.

सून वाचली. दोन महिन्यांनी घरी आली, आता तिला दोन पोरं आहेत. पण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लोकांनी काय पाहिलं? त्यांनी पाहिलं की बापानं झेंडी दाखवून लेकीची गाडी एकदा अडवली, भांडला, आणि सोडली तर अर्ध्या वाटेत चाकाखाली लाकूड घालून पुन्हा अडवली, आणि मरायला टेकलेल्या पोरीला पावसातून हातावर नेलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट पाच गावं फिरली. माझी बायको म्हणाली, "असा कसा बाप, बाप्पा! दगडाचा हाये का?" आणि मी गप्प बसलो. मला वाटलं, इवाई सांगतील, मग मी भांडेन, मग मिटेल. ते सांगतच नव्हते. मी शेवटी एकदा एकटं गाठून विचारलं, "तुमी काऊन सांगत नाई?" तर म्हणाले, "तिले तुमच्या घरी राहाचं हाये. सासरा बाप असते. त्याच्या हातून झालं हे तिच्या डोक्यात काऊन घालू? माह्याकडं ती येते-जाते, तुमच्याकडं ती राहते." मग वर म्हणाले, "आन् नियमानं अडवलीच होती न मी. अर्धं तं खरंच हाये."

सुनेनं त्यांना एकदाच विचारलं होतं, "बाबा, तुमी खरंच दोनदा अडवली?" ते "हो" म्हणाले. त्यानंतर ती माहेरी जायची ती सकाळच्या गाडीनं, आणि संध्याकाळी परत. रात्र काढायची नाही. भांडण नाही, रुसवा नाही, नुसती रात्र काढायची नाही. इहीन गेली तेव्हासुद्धा विधी उरकून परत आली. मी हे सगळं डोळ्यांनी पाहत होतो. माझी मान ताठ आहे असं लोक म्हणतात. ताठ मानेनं हे एवढी वर्षं पाहता येतं, हे काही शोभेचं नाही.

या उन्हाळ्यात इवायांचे गुडघे अगदी गेले असा निरोप आला. सून भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं, इंजिन बंद केलं तिथपासून. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, ती भाजली, ती उतरवली. मग म्हणाली, "मामाजी, पोराईचं जेवन तुमी पाहाल?" आणि दुपारच्या गाडीनं गेली.

संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी मी मुलाची गाडी घेऊन तिला आणायला गेलो. अंगणात बाजेवर इवाई पालथे पडले होते आणि सून त्यांच्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला मोहाचं तेल चोळत होती. मी आवाज दिला, "जयभीम इवाई. चला सूनबाई, तयारी करा." सून उठली, हात पुसायला लागली. इवायांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. या माणसानं आजवर मला 'थांबा' सांगितलं, 'मागं घ्या' सांगितलं, 'ब्रेक मारा' सांगितलं. त्या दिवशी म्हणाले, "इवाई, आनखी दोन दिवस राहू द्या न जी तिले."

मी बरं म्हटलं. पाणीही न पिता निघालो. तो आमच्या गावापर्यंतचा सारा रस्ता मी रिकामी गाडी घेऊन आलो, आणि इतकी वर्षं गाडी चालवून कधी रिकामी गाडी मला एवढी भरलेली वाटली नव्हती.